ओटीवरचे बोलणे

गेल्या महिन्यात एका शुक्रवारी सायंकाळी आमच्या घरी सहा मुले आली. वास्तविक यायला हवी होती सात. मुले म्हणायचे ते एवढ्याचसाठी की त्यांतल्या चौघांना आम्ही शाळेत शिकवले आहे. एरवी दोघे नोकरीला लागले आहेत आणि एकाच्या लग्नाची बोलणी चालू आहेत. ही मंडळी सुट्टीच्या दिवशी कुणाच्या तरी दिवाणखान्यात जमून एक काम करतात. बेटावरच्या आपल्या लहान मुलांना मराठी अक्षरे गिरवता यावीत, अक्षरावर बोट ठेवले की त्याचा उच्चार ऐकू यावा, अशी एक संगणकाची आज्ञावली त्यांनी तयार करायला घेतली आहे. ती कुणीही फुकट घ्यावी, उघडून पाहावी, चूक दिसली तर सुधारावी आणि सुधारलेली पुन्हा सर्वांना द्यावी, असा त्यांचा बेत. या पद्धतीला जगभर ओपन सोर्स म्हणतात. आपल्या घरांतून शाळेत इंग्रजी, बाजारात हिंदी-अरबी आणि आजीशी तेवढी मराठी अशी विभागणी झालेली असताना या वयाच्या मुलांना असले काही सुचावे, याचे आम्हांस कौतुक वाटत आले आहे.

कौतुक करायला मात्र ती आली नव्हती. भांडण घेऊन आली होती.

झाले असे. त्यांच्यातला सर्वांत हुशार मुलगा, ज्याने निम्म्याहून अधिक काम केले, त्याने आपल्या स्वतःच्या पानावर एका लग्नाच्या जेवणावळीचे वर्णन लिहिले. त्यात देशावरून येथे कामाला आलेल्या मंडळींच्या बोलण्याची, त्यांच्या बायकांच्या लुगड्यांची, पानात वाढून घेण्याच्या रीतीची त्याने टिंगल केली आणि त्यांना जो शब्द आपल्या कोकणी घरांतून पिढ्यान्‌पिढ्या वापरला जातो तो वापरला. तो शब्द आम्ही येथे छापत नाही. सर्वांना ठाऊक आहे, आणि आमच्याही घरात तो ऐकतच आम्ही मोठे झालो. सातवी मुलगी साताऱ्याकडची. वडील फिटर. तिने ते वाचले, दोन आठवडे काही बोलली नाही आणि मग यायची बंद झाली. आता गंमत पाहा, त्या आज्ञावलीत अ, आ, इ, ई म्हणणारा आवाज आहे तो तिचाच. सर्वांत स्वच्छ उच्चार तिचे म्हणून तिला बसवले होते.

बाकीच्यांपैकी तिघांचे म्हणणे, त्याला काढून टाका. दोघांचे म्हणणे, काम त्याचे आहे, त्याला काढून आपण काय करणार? आणि त्याचे स्वतःचे म्हणणे असे : "सर, कामाच्या वेळी मी कुणाला एक वाकडा शब्द बोललो असेन तर सांगा. माझ्या पानावर मी काय लिहितो ते माझे घर आहे." हे तो आमच्या समोर बसून, चहाचा कप हातात घेऊन म्हणाला. खोटे नव्हते. कामात तो कुणाला वाकडे बोललेला नव्हता.

मुलांनी आम्हांला नियम लिहून द्यायला सांगितले. शिक्षकाला नियम लिहिता येतात अशी लोकांची समजूत असते. आम्ही आठ दिवसांची मुदत मागून घेतली आणि वाचायला बसलो, आणि वाचता वाचता लक्षात आले की या सहा मुलांच्या आधी फार मोठमोठी माणसे याच जागी येऊन अडली आहेत.

वाचकांपैकी कुणाच्या खिशात अँड्रॉइडचा फोन असेल तर त्याच्या तळाशी लिनक्स नावाची यंत्रणा आहे. आपल्या बेटावर ॲमेझॉन कंपनीने २०१९ मध्ये मोठमोठ्या संगणकांचे जे केंद्र उघडले त्यातही मुख्यतः तीच चालते. १९९१ मध्ये हेलसिंकीच्या लिनस टॉरवल्ड्स या विद्यार्थ्याने ती सुरू केली आणि नंतर हजारो लोकांनी तिला हातभार लावला. हे गृहस्थ कामात वाघ, पण जीभ तशीच. कुणी ढिसाळ काम पाठवले की सर्वांदेखत त्याची अशी हजेरी घेत की वाचणाऱ्याला घाम फुटावा. २०१५ मध्ये त्या मंडळींनी एक छोटासा नियम केला. त्याचे नावच आचाराची नव्हे तर संघर्षाची संहिता असे काहीसे होते, आणि सूर असा की काम तपासले जाईल तेव्हा टीका होणारच, तेवढी सोसा. पुढे १६ सप्टेंबर २०१८ रोजी टॉरवल्ड्स यांनी जाहीर पत्र लिहून आपल्या वागण्याबद्दल क्षमा मागितली, काही आठवडे कामापासून दूर राहिले, आणि त्याच वेळी रीतसर आचारसंहिता स्वीकारली गेली. ऑक्टोबरात ते परतले. लिनक्स बंद पडले नाही. शिव्या दिल्याशिवाय काम चोख होत नाही हे मत शिक्षकांच्या खोलीतही आम्ही पुष्कळ ऐकले आहे, म्हणून ही हकीकत येथे नोंदवून ठेवतो.

परंतु हा झाला पंगतीतला प्रश्न. पानावर बसलेल्याने शेजाऱ्याशी कसे बोलावे, यावर नियम करायला फारशी अक्कल लागत नाही. आमच्या मुलांचा प्रश्न दुसराच आहे. पंगतीत नीट वागणारा माणूस पंगतीबाहेर काय बोलतो, त्याची झडती पंगतीने घ्यावी की नाही?

लिनक्सने जी संहिता घेतली तिचा मूळ मसुदा २०१४ मध्ये कोरालाइन अडा एम्के या बाईंनी लिहिला होता आणि आज असंख्य प्रकल्पांनी तो घेतलेला आहे. त्यात या प्रश्नाचे उत्तर दिलेले आहे, पण लोक ते कलम वाचतच नाहीत. त्याचा आशय असा की हे नियम प्रकल्पाच्या जागेत लागू आहेत, आणि सार्वजनिक जागेत तेव्हाच लागू आहेत जेव्हा माणूस प्रकल्पाचा प्रतिनिधी म्हणून वावरत असतो. प्रकल्पाच्या पत्त्यावरून पत्र लिहिले, प्रकल्पाच्या खात्यावरून मजकूर टाकला, सभेला प्रतिनिधी म्हणून गेला, तर लागू. एरवी नाही. मराठी विकिपीडियावर आपल्या गावाचा लेख दुरुस्त करणारे आपल्यातही काही जण आहेत. २००३ पासून चालत आलेल्या त्या कामालाही २०२१ मध्ये जाहीर झालेली सर्व विकिपीडियांची एकच आचारसंहिता लागू आहे. तिच्यात एक गोष्ट मात्र बाहेरच्या जागेतही मना केली आहे : सहकाऱ्याची खाजगी माहिती त्याच्या संमतीवाचून कुठेही उघड करणे.

कलम असले तरी भांडण थांबत नाही. २०१५ मध्ये ओपल नावाच्या एका प्रकल्पात हेच घडले. त्यातल्या एका मुख्य कार्यकर्त्याने आपल्या स्वतःच्या खात्यावर स्त्री-पुरुष या चौकटीत न बसणाऱ्या लोकांविषयी काही मत लिहिले. प्रकल्पात त्याचा कुणाशी तंटा नव्हता. बाहेरच्या लोकांनी येऊन प्रकल्पाच्या दारात मागणी केली की याला काढा. दोन्ही बाजूंनी शेकडो माणसे धावून आली, ज्यांनी त्या कामाला कधी हातही लावलेला नव्हता. तो माणूस राहिला. पण काम बाजूला पडून तमाशाच मोठा झाला. त्याच्या आदल्या वर्षी त्याहून मोठी घटना झाली होती. फायरफॉक्स करणाऱ्या मोझिला संस्थेने ब्रेंडन आइक यांना प्रमुख केले. जावास्क्रिप्ट ही भाषा तयार करणारा हा माणूस, संस्थेत पहिल्यापासूनचा. त्यांनी २००८ मध्ये कॅलिफोर्नियातील समलिंगी विवाहाविरुद्धच्या मोहिमेला एक हजार डॉलर दिले होते, तेही वैयक्तिक खिशातून. त्यावरून इतका गदारोळ झाला की २४ मार्च २०१४ रोजी नेमणूक झालेल्या प्रमुखाने ३ एप्रिलला राजीनामा दिला.

या दोन घटना लोक एकाच दाव्याला बांधतात. आम्हांस ते पटत नाही. ओपलचा गृहस्थ पंगतीतला एक होता. आइक यजमान होणार होते. ज्याच्या हाती दुसऱ्याची नेमणूक, बढती, पगार आहे, त्याचे खाजगी मत त्याच्या हाताखालच्या माणसाला खाजगी वाटू शकत नाही. मुख्याध्यापकाने आपल्या घरी बसून अमुक जातीच्या मुलांना गणित येत नाही असे म्हटले आणि ते त्या मुलांच्या कानावर गेले, तर परीक्षेत एकही गुण कमी न करता त्याने त्यांचे नुकसान केलेले असते. तेच वाक्य शाळेच्या शिपायाने म्हटले तर ते लागते, पण तेवढे नुकसान करीत नाही. जितके वर बसावे तितके घर लहान होत जाते. तरीही त्या एक हजार डॉलरांबद्दल आमचे मन पुरते निश्चिंत नाही, हे कबूल करतो. सहा वर्षांपूर्वीची देणगी उकरून काढून माणूस पाडायचा, ही रीत एकदा पडली की ती आपल्याच माणसांवर कधी उलटेल ते सांगता येत नाही. ज्या मतामुळे आज माणूस पडतो, त्याच्या बरोबर उलट मतामुळे दुसऱ्या देशात पडतो.

जाता जाता एक गमतीची गोष्ट. तुमच्या फोनमधील संदेश, नावे, पत्ते ज्या कोठारात साठवले जातात त्या एसक्यूलाइट नावाच्या आज्ञावलीच्या कर्त्याकडेही लोकांनी आचारसंहितेचा आग्रह धरला. त्याने २०१८ मध्ये काय करावे? दीड हजार वर्षांपूर्वी संत बेनेडिक्टने आपल्या मठातील साधूंसाठी लिहिलेले नियमच लावून दिले : देवावर प्रेम करा, खून करू नका, जास्त जेवू नका, फार झोपू नका. गदारोळ झाल्यावर त्याने त्याला नीतिनियम असे नाव दिले आणि आचारसंहिता दुसरी ठेवली. आमच्या मुलांना हे सांगितले तेव्हा ती बऱ्याच दिवसांनी एकत्र हसली.

आता आपल्या घराकडे वळू. हे सर्व परदेशी लोकांचे नवे खूळ आहे असे ज्येष्ठ मंडळी म्हणतील, म्हणून त्यांना पुण्याला घेऊन जायचे आहे.

१८९० च्या ऑक्टोबरात पुण्यात पंचहौद मिशनमध्ये एक व्याख्यान झाले आणि नंतर पाहुण्यांपुढे चहा-बिस्किटे आली. मंडळींत न्यायमूर्ती रानडे होते, लोकमान्य टिळक होते. कुणी घेतला, कुणी नुसता हात लावला. गोपाळराव जोशी, म्हणजे डॉक्टर आनंदीबाईंचे पती, यांनी हजर असलेल्यांची नावे 'पुणे वैभव' पत्रात छापवून आणली. झाले! ग्रामण्य उभे राहिले, प्रकरण शंकराचार्यांपर्यंत गेले, चौकशी मंडळ बसले. टिळकांनी काशीला प्रायश्चित्त घेतल्याचे दाखवले. रानड्यांनी पुढे १८९२ मध्ये प्रायश्चित्त घेतले आणि त्याबद्दल त्यांचे सुधारक स्नेहीच त्यांच्यावर रागावले. आता या प्रकरणातून निष्पन्न काय झाले? चहा पिणे वाईट असे त्यानंतर कुणाला वाटू लागले नाही. ज्यांनी प्रायश्चित्त घेतले त्यांचेही मत पालटले नव्हते. घरी आजारपण आहे, मुलीचे लग्न ठरायचे आहे, श्राद्धाला ब्राह्मण मिळत नाही, अशा अडचणींनी माणसे वाकली. यादी छापणाऱ्याने धर्म राखला नाही, मजा पाहिली. आज कुणाच्या जुन्या मजकुराची चित्रे काढून ती गटागटांतून फिरवणारे जे लोक आहेत, त्यांच्यात आणि गोपाळरावांत आम्हांला फार अंतर दिसत नाही. त्यातला एक आमच्याच मुलांपैकी आहे, हे आम्ही त्याच्या तोंडावर सांगितले आहे.

त्याच पुण्यात त्याच वर्षांत दुसरे एक उदाहरण आहे, ते आम्हांला अधिक जवळचे, कारण ते शाळामास्तरांचे आहे. टिळक-आगरकर हे न्यू इंग्लिश स्कूलचे शिक्षक असतानाच पत्रे चालवीत. कोल्हापूरच्या दिवाणांविरुद्ध लिहिल्याबद्दल १८८२ मध्ये दोघे १०१ दिवस डोंगरीच्या तुरुंगात राहून आले. शाळेने त्यांना काढले नाही. १८८४ मध्ये डेक्कन एज्युकेशन सोसायटी निघाली आणि मग आजीव सभासदांनी बाहेर काय करावे, किती करावे, यावरून वर्षानुवर्षे वाद पेटला. सभासदाने आपली सर्व शक्ती संस्थेला द्यावी, बाहेरचे उद्योग करू नयेत, असा टिळकांचा आग्रह; पगाराचे, पैशाचे आणि माणसामाणसांतले वादही त्यात मिसळले; आणि १८९० मध्ये टिळक संस्थेतून बाहेर पडले. आगरकरांनी केसरी सोडून १८८८ मध्ये 'सुधारक' काढला होता. विधवांचे केशवपन, बालविवाह, सोवळे यांवर त्यांनी जे लिहिले त्याने पुणे इतके खवळले की जिवंतपणी त्यांची प्रेतयात्रा काढली. या माणसाला १८९२ मध्ये फर्ग्युसन कॉलेजचे प्रिन्सिपॉल केले, आणि १८९५ मध्ये मृत्यू येईपर्यंत ते त्या जागेवर होते. ज्यांनी प्रेतयात्रा काढली त्यांच्या आळीतली मुले त्यांच्या वर्गात बसून शिकत होती.

आमचा मुलगा म्हणेल, "पाहा सर! आगरकरांना ठेवले ना?" ठेवले. पण आगरकर जे बोलत होते ते बलिष्ठांविरुद्ध, आणि स्वतःचे नुकसान सोसून. ज्यांना कुणी बोलू देत नव्हते त्यांच्या बाजूने. फिटरच्या बायकोच्या लुगड्याची टिंगल ही त्या जातीची गोष्ट नव्हे, आणि तिला आगरकरांचे नाव लावून घेणे आम्ही त्याला करू देणार नाही. अडचण मात्र खरीच आहे. नियम लिहिताना "चांगले बोलणारा राहील, वाईट बोलणारा जाईल" असे लिहून चालत नाही. कारण पुण्याच्या त्या प्रेतयात्रेतल्या लोकांना आगरकरच वाईट बोलणारे वाटत होते. नियम लिहायचा तो दोघांनाही पुरेल असा लिहावा लागतो.

मग बाहेरचे बोलणे सर्वस्वी बाहेरच ठेवावे काय? येथे आम्ही थांबलो ते सावित्रीबाईंच्या नावापाशी. १८४८ मध्ये भिडेवाड्यात शाळा सुरू झाली. शाळेच्या आत त्यांना कुणी काही म्हणत नव्हते. आत होत्या त्या शिकायला आलेल्या मुली. शिव्या होत्या त्या रस्त्यावर, शेण आणि चिखल होता तो रस्त्यावर. शाळेच्या नियमावलीच्या हद्दीबाहेर. आणि त्या सर्वांचा हेतू मात्र एकच होता, की या बाईने उद्या शाळेच्या दारापर्यंत पोचू नये. तेव्हा जे बोलणे बाहेर होते पण जे आतल्या माणसाला आत येऊ देत नाही, त्याला बाहेरचे म्हणून सोडून देणे म्हणजे स्वतःची फसवणूक आहे.

येथे आमचा मुलगा आणि आम्ही यांच्यातला खरा मतभेद आला. तो म्हणतो, माझे पान म्हणजे माझे घर. आम्ही म्हणतो, ते घर नव्हे, ओटी आहे. आपल्या आजोळची ओटी ज्यांनी पाहिली असेल त्यांना हे चटकन कळेल. ओटी घराचीच असते, तिच्यावर बसायचा हक्क घरधन्याचाच. पण ती रस्त्याकडे उघडी असते. आजोबा माजघरात आजीशी जे बोलत ते ओटीवर बोलत नसत. येणाजाणारा ऐकतो हे त्यांना ठाऊक होते, आणि तो ऐकतो म्हणून तो मध्ये पडून आजोबांना घराबाहेर काढीत नसे, हेही तितकेच खरे. ओटीवरच्या बोलण्याला शेजारी उत्तर देत. कधी चार दिवस बोलणे बंद करीत. लग्नकार्याला मात्र यायचे ते येत.

बेटावरच्या आपल्या माणसांना तर हे शिकवायला नको. चार भाषांच्या शेजारात, दुसऱ्याच्या देशात पिढ्या काढताना आपण बाहेर एक आणि घरात एक अशा दोन जिभा जपल्या. तीच सवय आपल्याला येथे सुखाने राहू देते आणि तीच आपल्याला घरातल्या घरात नको ते शब्द पोसू देते. बाहेर कुणा मल्याळ्याला, पाकिस्तान्याला, बहरिनी शेजाऱ्याला आपण उणा शब्द बोलत नाही. आपल्याच देशावरच्या माणसाला बोलतो, कारण तो घरातला. मुलाने नवे काही केले नाही. माजघरातले ओटीवर आणले, एवढेच.

दुसऱ्या टोकाचा अतिरेकही आपल्याच मराठीने करून दाखवला आहे. जानेवारी २०१९ मध्ये यवतमाळच्या साहित्य संमेलनाला उद्घाटक म्हणून नयनतारा सहगल यांना बोलावले आणि उधळून लावण्याच्या धमकीनंतर निमंत्रण मागे घेतले. पुष्कळ साहित्यिक त्यामुळे गेले नाहीत, महामंडळाच्या अध्यक्षांनी राजीनामा दिला. बाई यवतमाळला येऊन काहीच बोलल्या नव्हत्या. बोलतील या भीतीनेच दार लावले गेले. नियम नसले आणि मन घाबरट असले की संस्था अशी वागते, म्हणून नियम लिहून ठेवलेले बरे असे आमचे मत झाले. आधी आम्हांला वाटत होते की सात माणसांना नियम कशाला? समजुतीने चालेल. समजूत ही ज्याच्याशिवाय काम अडते त्याच्या बाजूने झुकते, हे आम्ही शिक्षक असून विसरलो होतो.

शिक्षणशास्त्राच्या प्रशिक्षणात आम्हांला एक वही दिली होती. वर्गात मुलाने काही आगळीक केली की तिच्यात नोंद करायची, पण नोंदीत विशेषण वापरायचे नाही. 'उद्धट', 'लबाड' असे लिहिले की बाई लाल शाईने खोडीत आणि बाजूला लिहीत : काय केले ते लिहा. 'शेजाऱ्याची वही ओढली', 'तीनदा सांगूनही बसला नाही'. त्या वेळी ती कटकट वाटे. आता वाटते, असल्या भांडणात पहिली गोष्ट करायची ती हीच. आमच्या मुलांच्या पत्रात त्या मुलाविषयी सात विशेषणे होती आणि त्याने नेमके काय लिहिले ते एकाच ओळीत, तेही चुकीचे उतरवलेले.

आम्ही जो मसुदा केला तो दीड पानाचा आहे. त्यातले बरेचसे साधे आहे : कामाच्या जागी कसे बोलावे, एकमेकांचे काम कसे तपासावे. बाहेरच्या बोलण्याविषयी एकच परिच्छेद आहे आणि त्यासाठी आम्ही आठांतले सहा दिवस घालवले. कुणाचीही ओटी मुद्दाम तपासायला जायचे नाही. जुने उकरायचे नाही. राजकारण, धर्म, खाणेपिणे, कुणाचा कोणता पुढारी, यावरून कुणालाही जाब विचारायचा नाही, ते कितीही न आवडो. परंतु बाहेर बोललेले जर आपल्यापैकी कुणा एकावर किंवा तो ज्या घरातून आला त्या घरावर रोखलेले असेल आणि त्यामुळे त्याला बसणे अशक्य झाले असेल, तर त्याने किंवा त्याच्या वतीने कुणीही दोघा ठरावीक माणसांना सांगावे. ते दोघे बोलणाऱ्याला बंद खोलीत विचारतील, त्याचे म्हणणे आधी ऐकतील. नाव कुठेही जाहीर होणार नाही. एम्केबाईंच्या संहितेच्या पुढच्या आवृत्तीत चार पायऱ्या दिल्या आहेत, समज देण्यापासून कायमचे वगळण्यापर्यंत. त्या आम्ही घेतल्या, आणि परत येण्याची वाटही लिहून ठेवली. आणखी एक वाक्य घातले आहे, की ज्याच्या हाती इतरांचे काम स्वीकारण्याचा किंवा नाकारण्याचा अधिकार आहे त्याच्याकडून अधिक अपेक्षा राहील. तो अधिकार सध्या त्याच मुलाकडे आहे. क्षमा मागण्याची सक्ती आम्ही कुठेही घातलेली नाही, पंचहौदाच्या चहाची आठवण ठेवून.

मसुदा वाचून झाल्यावर तो मुलगा बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, "पण सर, टिंगल आणि रोखलेले बोलणे यातली रेघ कोण ठरवणार? उद्या मी कोकणातल्या आमच्याच घरावर विनोद लिहिला तर?" प्रश्न चांगला आहे. आम्ही त्याला म्हटले, ज्याला लागते त्याला आधी विचार. तो म्हणाला, "मग कुणालाही काहीही लागेल." यावर आमच्याजवळ पक्के उत्तर नव्हते आणि अजूनही नाही, ते वाक्य मसुद्यात पेन्सिलने लिहून ठेवले आहे. जी तिघे त्याला काढा म्हणत होती त्यांना मसुदा मिळमिळीत वाटतो. त्यांतल्या एकीने स्पष्टच विचारले, "तिने काय करायचे मग? दोघांकडे जाऊन आपल्या आईच्या लुगड्याविषयी सांगत बसायचे?" तेही खरे आहे. म्हणून 'त्याच्या वतीने कुणीही' हे शब्द तिने नंतर घातले.

त्याने ते लिखाण पानावरून काढले आहे. कुणी सांगितले म्हणून की स्वतःहून, ते आम्ही विचारले नाही. फिटरकाका आम्हांला मागच्या आठवड्यात मनामाच्या बाजारात भेटले. भाजी घेत होते. मुलीचा विषय त्यांनी काढला नाही, आम्हीही नाही. मेथी महागली असे म्हणाले.

येत्या शुक्रवारी मुले पुन्हा जमणार आहेत. मसुद्याची एक प्रत आम्ही त्या मुलीच्या घरी एका लहान मुलाच्या हाती पाठवली आहे, निरोप काही दिलेला नाही. ज्या वाचकांना पेन्सिलीच्या त्या वाक्यावर काही सुचत असेल त्यांनी या पानाच्या पत्त्यावर गुरुवारपर्यंत कळवावे. आज्ञावलीत अक्षरांचा उच्चार 'ह' पर्यंत झाला आहे. 'ळ', 'क्ष' आणि 'ज्ञ' राहिले आहेत, आणि दुसऱ्या कुणाच्या आवाजात ते घ्यायचे नाहीत एवढे मात्र सहाही जणांनी, त्या मुलासकट, एकमताने ठरवले आहे.